पुढच्याचं तेल

“गुण लाव,” सुप्रीता म्हणाली. “आणि पहिल्याच पडद्यावर क्रमवारी दाखव. मग बघ माणसं कशी धावतात.”

जयतीर्थ खूश झाला. तिचा आत्येभाऊच तो, लहानपणापासून अक्काचं डोकं आपल्यापेक्षा चालतं हे मान्य असलेला. अक्का हसतेय एवढंच त्याला दिसलं. ते हसू कसलं होतं, हे त्या शहाण्याला कळलं नाही.

कारण जयतीर्थचा तो कॉम्प्युटरवरचा खेळ मुळात सुप्रीताचा होता. रोज कचेरीतून आल्यावर डोळे फोडून तिने तो लिहिला होता. जयतीर्थने “स्वल्प बघून देतो, अक्का” म्हणून फ्लॉपी नेली, मल्लेश्वरमला आपल्या घरी कॉम्प्युटरला टेलिफोन जोडला आणि आपापल्या कॉम्प्युटरवरून नंबर फिरवून खेळता येईल असा तो खेळ साऱ्या बंगळूरला खुला केला. स्वतःच्या नावाने. पेपरात त्याचा फोटोसुद्धा आला. ती जाब विचारायला गेली तर म्हणतो कसा, “नाव कोण बघतंय, अक्का? घरातलंच की.” तिचे वडीलही तेच म्हणाले. म्हणजे चोर घरातला असला की चोरी होतच नाही. तिचं अंग जळत होतं. पहिल्या पडद्यावर तिचं नाव हवं होतं, बाकी काही नको होतं. तेवढंच कुणी देईना.

खेळात चित्रं नव्हती, नुसता मजकूर. एक गाव, गावात धर्मशाळा, पलीकडे काळोखं भुयार. टेलिफोनची लाईन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस आत, बाकीच्यांना एंगेज्ड. खेळणाऱ्यांची एकमेकांशी गाठ पडायचीच नाही. म्हणून सुप्रीताने एक रीत घालून दिली होती. वेशीवर प्रत्येकाला थोडं तेल मिळे. भुयारात उजेड धर्मशाळेच्या दिव्याचाच; निघताना ते तेल त्या दिव्यात ओतायचं. आपण चालायचं ते आधीच्याच्या उजेडात, आपलं तेल पुढच्याला. सक्ती काही नव्हती. तरी दिवा कधी विझला नव्हता. लोक भिंतीवर निरोपही लिहीत. यशवंतपूरचे गुंडोराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, न चुकता लिहायचे, ‘तेल घातलंय. सावकाश जा.’

जयतीर्थला हे मिळमिळीत वाटायचं. “खेळतात कुठे, अक्का? भिंतीवर गप्पा ठोकत बसतात.” म्हणून तर तो सल्ला मागायला आला होता.

“गुण कशाला देऊ?” त्याने विचारलं.

“ज्याच्याजवळ जितकं तेल, त्याला तितके गुण. ओतलं की वजा. आणि महिनाभर फिरकला नाही त्याचं नाव काढून टाक.”

“सरी, अक्का, तसंच करतो,” तो म्हणाला आणि उड्या मारत गेला.

आधी झालं भलतंच. लाईन सकाळ-संध्याकाळ एंगेज्ड. शिवाजीनगर काय, जयनगर काय, जो तो क्रमवारीत वर चढायला धडपडू लागला. जयतीर्थ मैसूरपाक घेऊन पाया पडायला आला. सुप्रीताच्या घशाखाली तो उतरेना. करायला गेले एक आणि झालं एक, चोराचीच भरभराट केली की काय मी, असं तिला वाटलं. नजर ठेवायला म्हणून तिनेही खेळात नाव नोंदवलं, नंबर फिरवत राहिली आणि एंगेज्ड ऐकून दात खात राहिली.

मग दिवा विझला. सगळे तेल साठवत होते, ओतणारा कुणी उरला नव्हता. भुयारात जो शिरे तो अंधारात पडे, आणि पडला की सगळं पहिल्यापासून. भिंतीवर शिव्या दिसू लागल्या. त्यातच एकदा गुंडोरावांचा निरोप आला, ‘दिवा नव्हता. पडलो. कुणावर राग नाही. येतो.’

ते वाचून सुप्रीता थबकली. जयतीर्थला एक फोन केला असता तर अजून सावरलं असतं. तिने फोन केला नाही. बुडू दे मेल्याचं, ती मनात म्हणाली.

हळूहळू शिव्याही थांबल्या. मग महिनाभर सुप्रीता अधूनमधून डोकावे, तर भिंतीवर नवं काही नसे. जयतीर्थ पडेल चेहऱ्याने आला. “कुणीच येत नाही, अक्का. गुण काढून टाकू?”

“माणसं गेल्यावर? आता असू देत की,” ती म्हणाली. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

त्याची कशी जिरली ते डोळ्यांनी बघावं म्हणून संध्याकाळी तिने नंबर फिरवला. लाईन लगेच लागली. पडदा उजळला. वर क्रमवारी होती. महिनाभर न फिरकलेल्यांची नावं गळून पडली होती. एकच नाव राहिलं होतं.

सुप्रीता.

पहिल्या पडद्यावर, मोठ्या अक्षरांत, हवं होतं तिथेच. ती बघत बसली. मग गावात शिरली, वेशीवरचं तेल घेतलं, धर्मशाळेत आली. मिट्ट काळोख. भिंतीवर गुंडोरावांचा कधीचा तरी जुना निरोप राहून गेला होता, ‘तेल घातलंय. सावकाश जा.’ तिने पुढचा कुणी येईल म्हणून थोडी वाट पाहिली. आणि मग आठवलं, ती आत असताना दुसरा कुणी येऊच शकत नव्हता. खेळ तिनेच तसा लिहिला होता.

तिने होतं नव्हतं ते सगळं तेल दिव्यात ओतलं. पडद्यावर ओळी उमटल्या.

‘दिवा लागला. तुमचे गुण: शून्य. तुमचा क्रमांक: पहिला.’