दुसरी ज्योत

आईला पुरायला न आलेला दादा इस्राएलहून कबरीचा दगड बसवायला आला, मोबाईलमध्ये दोन मेणबत्त्यांचं चित्र घेऊन. “ज्यू बाईच्या कबरीवर हेच कोरतात.” “आई मेणबत्ती फक्त लोडशेडिंगला लावायची,” मी म्हणाले. दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ती काचेच्या पेल्यात पाण्यावर खोबरेल ओतून दोन वाती पेटवायची, एक दादाची, एक माझी. तोच पेला, छिन्नी घेऊन शेजारी थांबलेल्या पंचवटीतल्या देवराम पाथरवटानं माझ्या सांगण्यावरून काळ्या दगडावर खडूनं काढला होता, दोन ज्योतींसकट. “तिकडचे लोक हसतील याला.” “तिकडचं कोण येतंय इथं? तिच्या आजारपणात तूसुद्धा आला नाहीस.” दादा दगडापाशी वाकून हळूच म्हणाला, “बरं, पेला तर पेला. यातली माझी ज्योत कुठली?” मी अंगठ्याला थुंकी लावली आणि डावीकडची ज्योत पुसली. “हं, देवरामभाऊ, आता कोरा.”