अंगठ्याशेजारी करवत

"अंगठा करवतीच्या पात्याच्या सपाट बाजूला टेकव," पांचाळकाका माझ्या नऊ वर्षांच्या शाल्मलीला म्हणाले. "त्याच्या आधाराने पहिल्यांदा स्वतःकडे ओढ. दाबू नकोस."

सुतारकामाच्या वर्गाच्या दारात मी उभी होते. सकाळीच इस्पितळात एकाचं कापलेलं बोट शिवलं होतं. करवत लाकडावर एकदा अडली आणि मी ओरडलेच, "शाल्मली, अंगठा!"

तिने मान वर केली नाही. हात थांबवला, करवत उचलून बाजूला ठेवली, मगच माझ्याकडे वळली. "आई, करवत चालू असताना हाक मारायची नसते. दचकलं की कापतं."

काकांनी करवत माझ्यापुढे धरली. "डॉक्टरीणबाई, आता तुम्ही."

मी अंगठा टेकवला. रोज सुई धरणाऱ्या हाताने करवत हळूच स्वतःकडे ओढली. शाल्मली शेजारी उभी राहिली, ओठ घट्ट मिटून.