मोकळ्या गळ्याचं गाणं

हर्षदानं पुन्हा एकदा मोबाइलवरचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि तोंड उघडलं. सूर आतल्या आत बरोबर लागला होता, पण आवाज काही गळ्याच्या वर यायला तयार नव्हता.

"हळू," तिची आई भागीरथी साडीवर टिकल्या चिकटवता चिकटवता पुटपुटली. "तुना बाप निजेल शे."

याहून हळू गायचं तर गप्पच बसावं लागलं असतं.

लिंबायतच्या कामगार वस्तीतली ही एकच खोली. तिचा बाप छगन रात्रपाळीला कापड विणायचा लूम चालवायचा आणि दिवसा झोपायचा. हर्षदाला समजू लागलं तेव्हापासून या घरात दिवसा कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. भांडं आपटलं तर पाठीत धपाटा. रडायचं तर उशीत तोंड खुपसून. गाणंही ती असंच शिकली, नुसत्या श्वासावर. तिच्या तसल्या कुजबुजत्या अंगाईला मोबाइलवर लोकांनी डोक्यावर घेतलं, तेव्हा तिला वाटलं होतं, चला, सोसल्याचं चीज झालं.

पण भेस्तानच्या स्टुडिओवाल्या बन्सीलालभाईंना हवं होतं हळदीचं गाणं. हळद काय कुजबुजत लागते? सकाळीच त्यांचा निरोप आला होता, "गला खोलके गाओ बेटा. शाम तक भेजो, नहीं तो दूसरी लड़की तैयार है." गल्लीतले लूम आज सुट्टीमुळे बंद होते. अशी शांतता पुन्हा मिळणार नव्हती, आणि असा निरोपही.

"माय, एकदाच मोठ्यानं म्हणते. उठले तर उठू देत."

भागीरथीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. तिचा जीव तुटला.

"म्हन," ती म्हणाली. "मी सांगसू त्यासले."

परवानगी मिळाली आणि तरीही आवाज फुटेना. हर्षदानं डोळे मिटले, गळ्याच्या शिरा ताणल्या. काही नाही. आजवर बापाच्या झोपेवर खापर फोडलं होतं, आता तर कुणी अडवतही नव्हतं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला. तिनं मोरीजवळच्या रिकाम्या कळशीला लाथ मारली. कळशी फरशीवर आपटली आणि खणखणत थेट छगनच्या उशाशी गेली.

दोघी जागच्या जागी थिजल्या.

छगन घोरत होता.

हर्षदानं त्याच्या कानाशी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. मग खांद्याला हात लावला, तसा तो ताडकन उठून बसला.

"पप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्यानं तिच्या ओठांकडे पाहिलं आणि हसला. "कान तं तू धाकली व्हती तवयच गयात. लूमवर कोना कान ऱ्हातस?"

लूमच्या खडखडाटात सगळे कामगार एकमेकांचे ओठ वाचूनच बोलतात. गल्लीत त्याचं कुणालाच नवल नव्हतं.

"मग सांगितलं का नाही कधी?"

"सांगनं काय? तुमाले मालूम व्हतं ना." छगन गोंधळला. त्यानं बायकोकडे पाहिलं. "तुमी दोन्ही घरमा नुसता ओठ हालावतस. माले वाटे, माले समजाले पाहिजे म्हनीसनच."

भागीरथीनं तोंडाला पदर लावला. हसावं की रडावं, तिला कळेना. पोरीच्या पाठीत घातलेला एकेक धपाटा तिला आठवत होता.

हर्षदाला मात्र एकदम हलकं वाटलं. आता कुणाची झोपमोड होणार होती? तिनं बटण दाबलं आणि छाती भरून श्वास घेतला. छगन भिंतीला टेकून समोर बसला, तिच्या तोंडाकडे बघत. ती गाऊ लागली. हळद, मांडव, नवरीची रुसलेली मामी, सगळं ओठांवर आलं आणि ओठांवरच राहिलं. खोलीत पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. छगन मांडीवर ठेका धरून डोलत होता.

कडव्याच्या मध्येच ती थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"थांबनी काबं?" छगन म्हणाला. "मस्त म्हनी ऱ्हायनी व्हती."