तबकडीतलं अस्तर

घड्याळजीने सवयीने डावा डोळा मिटला आणि उजवा मायक्रोस्कोपला लावला.

"काका, दोन्ही डोळे उघडे ठेवा," संशोधिका म्हणाली.

"जन्मभर एकाच डोळ्यावर पोट भरलंय त्यांनी," मागे उभी असलेली मेहुणी म्हणाली. "आता कुठला उघडताहेत दुसरा."

त्याने उघडला. काचेच्या तबकडीत फिकट, लांबट ठिपके एकमेकांना खेटून बसले होते. मध्ये फट नव्हती.

किडनी त्याची होती. त्याने ती बायकोला दिली होती. तिच्या शरीराने पहिला घाव घातला तो किडनीतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर. किडनी काढावी लागली. पुढे बायकोही गेली. काढलेल्या किडनीच्या तुकड्यातून संशोधिकेने त्या अस्तराच्या पेशी वाढवल्या होत्या. त्यांच्यावर तिला एक लेप तपासायचा होता. अवयव बसवण्याआधी हा लेप दिला, तर घेणाऱ्याचं शरीर अस्तराला इतक्या लवकर परकं ठरवणार नाही, अशी तिला आशा होती.

"एक अडचण आहे," ती म्हणाली. "यातल्या काही पेशी तुमच्या नाहीत. काकूंच्या आहेत."

घड्याळजीने मान वर केली.

"अस्तर खराब व्हायला लागलं तेव्हा त्यांच्या शरीराने स्वतःच्या पेशी पाठवून ते सांधायला घेतलं. कधी कधी होतं असं."

"ताईचं हे जुनंच," मेहुणी म्हणाली. "सासरी आली ती कुणाला न विचारता आधी पडदे बदलले. मग दुकानात शिरली. हे मान खाली घालून बसायचे आणि नुसता हात पुढे करायचे. चिमटा की स्क्रू-ड्रायव्हर, ते ताईलाच कळायचं."

"कोणत्या तिच्या?" त्याने विचारलं.

"नुसतं बघून सांगता येत नाही. सगळ्या सुट्या केल्या की यंत्र निवडून देतं. चाचणीला फक्त तुमच्या लागतील."

"आणि तिच्या?"

"टाकून द्याव्या लागतील," संशोधिका म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही. जगतील तोवर राहतील अशाच. लेपाचं काम मात्र दुसऱ्या कुणाची किडनी हाती येईपर्यंत थांबेल."

"भावजी, नको म्हणा," मेहुणी म्हणाली. आता ती थट्टा करत नव्हती.

त्याने चष्मा पुसला.

"हिच्या शेजारच्या खाटेवर त्या शाळेतल्या बाई होत्या. त्यांना मिळाली का किडनी?"

मेहुणी खिडकीकडे वळली.

"नाही अजून," ती म्हणाली.

"मग करा सुट्या," तो संशोधिकेला म्हणाला. "फक्त थोडा वेळ बघू द्या."

तो पुन्हा वाकला. डावा डोळा आपोआप मिटला. मग त्याचा उजवा हात टेबलावरून बाजूला सरकला आणि तळवा वर करून थांबला.

"काय हवंय त्यांना?" संशोधिकेने हळूच विचारलं.

मेहुणी खिडकीकडे तोंड करून उभी होती.