हातमोज्यांचं आमंत्रण

शिवणकाम करणाऱ्या टॅमसिनच्या टेबलावर काळ्या हातमोज्यांची चळत दिसली आणि ओबेदाया क्रेनच्या पोटातली जळजळ क्षणभर थांबल्यासारखी झाली.

ब्रॅकेट बंदरात मयताचं आमंत्रण तोंडी जात नसे. ज्याला बोलवायचं, त्याच्या घरी काळे हातमोजे जात. एवढे हातमोजे म्हणजे जाणारी असामी बडी. आणि बंदरात जज व्हिटकॉम्बखेरीज बडं होतं कोण? म्हातारा पानगळीपासून अंथरुणाला खिळलेला. तो गेला की सिनेटमधली त्याची जागा ओबेदायाला हवी होती. तेवढ्यासाठी त्यानं अख्ख्या बंदराला रम पाजली होती.

"कुणाचे गं?" त्यानं सहज विचारल्यासारखं केलं.

"आधी बोलायचं नाही असं ठरलंय," टॅमसिन शिवता शिवता म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे नीट पाहून तिनं खुर्ची पुढे सरकवली.

निवडून यायच्या आधीच मान मिळायला लागला म्हणायचा. तो ऐसपैस बसला. "माझा जोड जरा सैल शिव. हल्ली बोटं सुजतात."

टॅमसिनची सुई थांबली. "तुमच्या घरी जोड द्यायचा नाहीये, मिस्टर क्रेन."

तो धुमसत घरी निघाला. चढावर धाप लागली म्हणून कुंपण धरून उभा राहिला. खाऱ्या मासळीच्या एका पडवीपासून त्यानं एवढा व्यापार उभा केला, आणि व्हिटकॉम्बची माणसं त्याला मयतालाही बोलावणार नाहीत? ते बुडालेलं जहाजच अजून उकरत असतील. तळ किड्यांनी पोखरलाय हे ठाऊक असून क्रेननं ते समुद्रात लोटलं आणि विम्यावर दुकान वाढवलं, असं लोक बोलत. खोटं नव्हतंच ते. त्या जहाजावर त्याच्या बायकोचा, मेहिटेबलचा, धाकटा भाऊ होता. प्रेत मिळालं नाही, त्यामुळे त्याच्या नावाचे हातमोजेही कधी निघाले नाहीत.

मेहिटेबल मात्र त्यावर चकार शब्द बोलली नव्हती. उलट या हिवाळ्यात रोज संध्याकाळी ती त्याला मसाल्याचं गरम दूध देई. पेलासुद्धा मोलकरणीला विसळू देत नसे.

आजही पेला तयार होता. घोटागणिक त्यानं अपमान ऐकवला. उद्याच जजच्या सुनेला जाऊन विचार म्हणाला, आम्ही तुमचं काय घोडं मारलंय?

"जज बरे झालेत," मेहिटेबल म्हणाली. "दुपारीच बग्गीतून बॉस्टनला गेले."

"मग टॅमसिन शिवतेय ते?"

मेहिटेबलनं त्याच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि रोजच्यासारखा स्वतःच स्वच्छ विसळला.

"हातमोजे दुसऱ्यांच्या घरी पाठवतात, मिस्टर क्रेन. शवपेटी जिथून निघते, तिथे नाही."