जयमालाचं भाषण

जयमालाची मान मध्येच झटकते आणि तोंडून 'हुक्क' असा आवाज निघतो. त्याला टुरेट म्हणतात, पण आमच्या दुसरबीडात अर्धं गाव म्हणतं, पोरीच्या अंगात देवी येते! वैतागून तिनं शाळेत येणंच सोडलं. मग आम्ही दहावीच्या चौघींनी गल्लीतल्या बाया गोळा केल्या, भजनी मंडळाचा माईक मागून आणला आणि तिलाच बोलायला उभं केलं.

"एका बाईले जरी समजलं नं, तर सोमवारी वर्गात येईन मी," ती म्हणाली.

आणि काय बोलली हो! देवी नाही, बाधा नाही, मेंदूकडूनच तसा इशारा येतो, मी मुद्दाम करत नाही. मध्येच मान झटकली, 'हुक्क' झालं, तरी थांबली नाही. एरवी कीर्तनातही बडबडणाऱ्या बाया चिडीचूप ऐकत होत्या. मी तर हवेतच! माईक घेऊन विचारलं, "कोणाले काही विचारायचं हाय का?"

सगळ्यात आधी माझीच आई उठली. तिनं डोक्यावर पदर घेतला, जयमालापुढे हात जोडले आणि म्हणाली,



"माय, आमची समीक्षा दहावीत पास होईन ना वं?"