पानाचा दगड

दगड फुटला, पण उघडला नाही. ठिकऱ्या उडाल्या आणि त्यातली एक नागोरावांच्या बोटात घुसली. त्यांनी बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हाताने पुढचा दगड ओढला.

पुण्याच्या वारज्यात त्या वर्षी जिकडे पाहावं तिकडे खड्डे होते. कॉम्प्युटरवाल्या पोरांना घरं हवी होती आणि बिल्डरांना दम धरवत नव्हता. मुलाच्या, आनंदच्या सोसायटीसमोर दोन मजले खोल खणलं होतं आणि निघालेल्या दगडांचा डोंगर रस्त्याकडेला रचला होता. आठ दिवस झाले, नागोराव रोज सकाळी छिन्नी-हातोडी घेऊन त्या डोंगरावर येऊन बसत होते. वॉचमनने पहिल्या दिवशी हटकलं, दुसऱ्या दिवशी वेडा समजून सोडून दिलं.

गोदाबाईंनी पानाचा दगड मागितला होता. बायकोने लग्नानंतर मागितलेली ही तिसरी की चौथी वस्तू असेल. डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं होतं, म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळलं होतं. डोळे तर साखरेने दोन वर्षांपूर्वीच नेले होते. "एकडाव हात फिरवू द्या," ती म्हणाली होती, "मंग काही मांगणार नाही."

चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत नागोरावांनी तीस वर्षं काढली. दर रविवारी दोघं नवराबायको खाणीतल्या टाकाऊ दगडमातीच्या ढिगाऱ्यावर जात. बाकीच्या बाया कोळसा वेचत, गोदाबाई पानं वेचत. तिथला करडा दगड थरांचा. कडेला छिन्नी लावून हलकी टिचकी मारली की वहीसारखा उघडायचा आणि आत वासराच्या जिभेसारखं लांबट पान, शीर न शीर शाबूत. क्वार्टरच्या भिंतीशी असे साठ-सत्तर दगड होते. पुण्याला निघायच्या दिवशी आनंद टेम्पोपाशी उभा राहून म्हणाला होता, "बाबा, दगड काय नेता? पुण्यात दगडांना तोटा आहे का?" नागोरावांना ते पटलं होतं. जमीन म्हटली की तिच्या पोटात कधीकाळचं जंगल असणारच, अशी त्यांची समजूत. दुसरी जमीन त्यांनी कधी खणलीच नव्हती.

आनंदही हात बांधून बसला नव्हता. ऑफिसातून त्याने इंटरनेटवरचा पानाचा फोटो रंगीत छापून आणला होता. आंधळ्या आईसाठी.

"काय शोधताय, पाव्हणं?"

खाली सर्जेराव उभे होते. खड्डा पडला ती जमीन दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांची होती. विकून झाली तरी सकाळी इथे एक फेरी मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

"पान," नागोराव म्हणाले. "दगडातलं पान. आमच्याकडं भेटते. इथं अजून नाही भेटलं."

सर्जेराव हसले नाहीत. वर चढून आले, एक ठिकरी उचलली, अंगठ्याने पुसली. "हितं माझ्या बापानं चाळीस हात हीर खांदली. वरपास्नं खालपातूर ह्योच काळा कातळ. आमचं गुरुजी सांगायचं, ह्यो भुईतनं वितळून वर आलाय, उकळत्या गुळावानी. आगीत पान ऱ्हातंय व्हय?"

"थोडं दूर गेलो तर?"

"कुठंवर जाताय? पुन्याच्या चारी अंगाला ह्योच हाय."

नागोरावांनी हातोडी खाली ठेवली. चंद्रपूरची गाडी रात्रभराची. जाऊन यायचं तर दोन दिवस, आणि गोदाबाई दोन दिवस थांबेल असं आता कोणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं. आठ दिवसांपूर्वी निघाले असते तर एव्हाना कधीच परत आले असते. ते तिथेच दगडांवर बसून रडले. उतरताना सर्जेरावांनी त्यांचा हात धरला.

दार पूर्णिमाने उघडलं. सुनेने आठवडाभर सुट्टी काढली होती. "बाबा, आईंनी सकाळपासून पाणीसुद्धा नको म्हटलंय," ती म्हणाली. "तुम्ही कुठे आहात, एवढंच दोनदा विचारलं."

नागोराव आत गेले. शेवटचा दगड अजून मुठीतच होता. खरं ते सांगून टाकायचं, असं त्यांनी जिना चढताना ठरवलं होतं.

"गोदा," ते पलंगावर टेकत म्हणाले, "इकडच्या दगडात..."

गोदाबाईंनी हात चाचपला. आधी त्यांचा हात, मग दगड. नागोरावांच्या बोटांवर जुने-नवे ओरखडे होते, एक अजून ओला होता. ते सगळे तिने सावकाश तपासले. मग दगड ओढून छातीवर घेतला आणि त्यावरून अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, परत आणला. नागोराव बघत राहिले. दगडात काही नव्हतं. इतकी वर्षं पानं हाताळलेल्या त्या अंगठ्याला ते कळायला एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं.

"हाये," गोदाबाई म्हणाली. "शीर लागली मले."

नागोरावांनी दगड घ्यायला हात पुढे केला. तिने तो दिला नाही.

"भेटलं ना पान? उद्यापासून जाऊ नका आता तिकडं."